रापणीचा दोर



आम्हां कोल्हापूरकरांचा आणि समुद्राचा संबंध बहुधा ताटापुरताच असतो. मंडईंत बांगडे आले म्हणजे ते ताजे आहेत कीं नाहींत एवढी चौकशी आपण करतों. ते पाण्यांतून वर कोणीं काढले आणि कसे काढले, हें विचारण्याचें आपणांस सुचत नाहीं. पस्तीस वर्षें मुलांना भूगोल शिकविणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरासही तें कधीं सुचलें नव्हतें. गेल्या मार्गशीर्षांत सिंधुदुर्ग किल्ला पाहावा म्हणून मी मालवणास गेलों, आणि किल्ल्यापेक्षां किनाऱ्यावरच अधिक शिकून परत आलों. तीच हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

राधानगरी आणि दाजीपूर मागें टाकून गाडी फोंडा घाट उतरली, कीं हवा बदलते. कणकवली आणि कसाल ओलांडलें, कीं माडांची दाटी लागते. मालवणच्या धक्क्यावरून होडींत बसावें, तों थोड्याच वेळांत आपण कुरटे बेटावर येतों. याच खडकाळ बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवाजी महाराजांनीं सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला आणि १६६७ सालीं तें पुरें झालें. बेटाचें क्षेत्र सुमारें ४८ एकर. तटाच्या वळणांत दरवाजा असा दडविलेला आहे, कीं जवळ जाईपर्यंत तो दिसत नाहीं. भोंवतीं सर्वत्र खारें पाणी. पण आंत दूधविहीर, दहींविहीर आणि साखरविहीर अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. या विहिरींच्या आधारावर किल्ल्यांत आजही थोडीं कुटुंबें राहतात.

किल्ल्यांत श्रीशिवराजेश्वराचें मंदिर आहे. तें छत्रपति राजाराम महाराजांनीं बांधविलें. मूर्तीस दाढी नाहीं, आणि मस्तकावरील टोपी नावाड्याची आहे असें तेथील लोक सांगतात. या स्थळाशीं आपल्या कोल्हापूरचें जुनें नातें आहे. १७६५ सालीं इंग्रजांनीं किल्ला घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें, परंतु लवकरच तो कोल्हापूरकरांकडे परत आला. अखेर १८१२ च्या तहानें तो मालवणसह इंग्रजांच्या ताब्यांत गेला. राज्यें आलीं आणि गेलीं. परंतु होडी वल्हविणारे हात मात्र तेच राहिले. नावाड्यावांचून समुद्रांतील किल्ला म्हणजे नुसता दगडांचा ढीग! आमचा होडीवाला गाबीत समाजाचा होता. परततांना मीं त्यास मासेमारीविषयीं पुष्कळ प्रश्न विचारले. तो हंसून म्हणाला, “सांगून कळायचां नाय मास्तरानू, फाल्यां पाटे दांडीर येवा.” म्हणजे, उद्यां पहांटे दांडीच्या किनाऱ्यावर या.

दुसरे दिवशीं उजाडण्यापूर्वींच मी तेथें पोंचलों. समोर पद्मगडाचें बेट होतें. ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येतें. वाळूवर तीसचाळीस माणसें जमलीं होतीं. एक वृद्ध गृहस्थ पाण्याकडे टक लावून उभे होते. माशांची झुंड जवळ आली, म्हणजे पाण्याचा रंग किंचित् पालटतो, पृष्ठभाग शिरशिरतो आणि वर पक्षी घिरट्या घालूं लागतात. त्या वृद्धांनीं हात वर केला मात्र, सर्व मंडळी एकदम उठली.

आतां रापण म्हणजे काय तें सांगतों. रापण हें शेंकडों वांव लांबीचें जाळें असतें. त्याच्या वरच्या कडेस तरंगणारीं बोंडें आणि खालच्या कडेस वजनें बांधलेलीं असतात, त्यामुळें तें पाण्यांत भिंतीसारखें उभें राहतें. मध्यभागीं बारीक विणीची खोळ असते. जाळ्याच्या एका टोंकाचा दोर किनाऱ्यावरील मंडळी धरून ठेवतात. होडी जाळें सोडीत समुद्रांत जाते, झुंडीस अर्धवर्तुळाकार वळसा घालते आणि दुसऱ्या टोंकाचा दोर घेऊन कांहीं अंतरावर पुनः किनाऱ्यास लागते. मग दोन्ही बाजूंच्या रांगा एका तालांत दोर ओढूं लागतात. ओढतां ओढतां त्या एकमेकींजवळ सरकतात, अर्धवर्तुळ लहान होत जातें आणि मासे खोळींत गोळा होतात. पूर्वीं हीं जाळीं सुताचीं असत व झाडाच्या सालीच्या काढ्यांत बुडवून तीं टिकाऊ करीत. आतां नायलॉन आलें आहे. ओढण्याचे श्रम मात्र तेच आहेत.

मीही चपला काढून दोरास हात लावला. अर्ध्या घटकेंत तळहात लाल झाले. खोळ वाळूवर आली तेव्हां आंत बांगडे, पेडवे आणि इतर बारीक मासळी चमचमत होती. तेथेंच लिलाव झाला, बायकांनीं टोपल्या उचलल्या, आणि मी निघणार तोंच त्या वृद्धांनीं मला थांबविलें. “दोरयेक हात लावलात, आता वाटो घेवकच व्हयो!” असें म्हणून त्यांनीं माझ्या पिशवींत चार बांगडे टाकले.

हा वांटा हेंच रापणीचें मर्म आहे. त्या वृद्धांनीं मला समजावून दिलें, कीं जाळें एकट्याचें नसतें. निरनिराळ्या घरांच्या जाळ्यांचे तुकडे जोडून तें होतें. मग जाळ्याचा वांटा, होडीचा वांटा आणि ओढणाऱ्या हातांचा वांटा अशी विभागणी होते. मासळी थोडी आली तर सर्वांनाच थोडी, उदंड आली तर सर्वांनाच उदंड. सहकाराचे धडे मीं शाळेंत पुस्तकांतून शिकविले. येथें ते वाळूवर उभे असलेले पाहिले.

परंतु ही रापण आज संकटांत आहे, आणि त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. रापणकर माशांची वाट पाहतो. झुंड किनाऱ्याजवळ आली तरच त्याचें जाळें चालतें. उलट पर्ससीन नांवाचें जाळें यांत्रिक नौकेवरून माशांच्या मागें जातें, झुंडीस भर समुद्रांत वेढतें, आणि बटव्याची नाडी आंवळावी तशी खालची दोरी आंवळून सारी झुंड एका वेळीं उचलतें. किनाऱ्याकडे येणारा मासा वाटेंतच संपला, तर दोर धरणाऱ्यांनीं काय ओढावें?

सरकारनें यावर उपाय योजिले आहेत. सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा आहे. राज्य सरकारनें ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं पर्ससीन मासेमारीस हंगाम, क्षेत्र व नौकांची संख्या यांची मर्यादा घातली. २०१७ सालीं केंद्र सरकारनें प्रखर दिव्यांनीं मासे गोळा करण्यास बंदी केली. आणि २०२१ मध्यें राज्याच्या कायद्यांतील दंड पुष्कळ वाढविण्यांत आले. तथापि अफाट समुद्रावर पहारा ठेवणें सोपें नव्हे, आणि नियम मोडले जातात ही किनाऱ्यावरील तक्रार कायम आहे.

न्यायाची गोष्ट म्हणून दुसरी बाजूही सांगावयास हवी. पाण्याची उष्णता, पाऊस व वारे यांप्रमाणें झुंडी स्वभावतःच कमीजास्त होतात. सारा दोष एका जाळ्यावर टाकतां येत नाहीं. रापणीच्या बारीक खोळींतही माशांचीं पिलें सांपडतात. पर्ससीनच्या नौकेवर राबणारा खलाशीही पोटासाठींच राबतो. परंतु एक फरक उरतोच. रापणींत चाळीस घरांच्या चुली एका दोरास बांधलेल्या असतात. मोठ्या नौकेवर थोड्या माणसांत तेंच काम उरकतें. मासा तितकाच राहिला तरी वांटेकरी घटतात.

श्रोतेहो, आपण सुटींत मालवणास जाल तेव्हां किल्ला अवश्य पाहा. पण एक दिवस पहांटे उठून किनाऱ्यावरही जा. नुसते छायाचित्रें काढीत उभे राहूं नका. परवानगी विचारून दोरास हात लावा. बाजारांत बोटभर पिलें स्वस्त मिळालीं तरी घेऊं नका, कारण तीं पुढच्या वर्षाची मासळी आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळांत मासळी महाग झाली तर कुरकुर न करतां नारळी पौर्णिमेची वाट पाहा.

ते चार बांगडे मीं कोल्हापुरास आणूं शकलों नाहीं. जेथें उतरलों होतों त्या खाणावळींतच ते शिजले. पण आतां ताटांत मासा आला, कीं तळहातावरची ती लाली आठवते, आणि वांटा घेतला तसा भारही थोडा उचलावयास हवा, असें मनांत येतें.