कंपवात आणि पाठीतील विजेचे यंत्र

"वडिलांना कंपवात होऊन नऊ वर्षे झाली. नाहूर स्टेशनच्या पुलाचा जिना ते चढून जातात, पण वर सपाटीवर आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पाठीत विजेचे यंत्र बसवल्यावर असे रुग्ण चालू लागतात, असे कळले. गावची जमीन विकून हा उपचार करावा का?" असे नाहूरच्या एका वाचकाने मला पत्राने विचारले आहे. प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून उत्तर येथेच देतो.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या विकारात, मेंदूतील डोपामीन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात थरथरतो. काही वर्षांनी अनेकांचे पाय चालताना मध्येच थिजतात. उंबऱ्याशी, वळताना किंवा गर्दीत हे जास्त घडते आणि रुग्ण पडतो. त्यात मांडीचे हाड मोडले तर माणूस अंथरुणाला खिळतो.

आता यंत्राविषयी. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा बसवतात आणि त्यांना जोडलेली बॅटरीची डबी त्वचेखाली ठेवतात. त्यातून सौम्य विद्युतप्रवाह सुरू राहतो. अमेरिकेत १९६७ साली हा उपाय प्रथम वेदना शमवण्यासाठी वापरला गेला. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही न थांबणाऱ्या काही वेदनांसाठी तो आजही मान्य आहे.

कंपवातासाठी मात्र तो अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. २००९ साली उंदरांवरील प्रयोगात हालचाल सुधारल्याचे दिसले. २०२३ साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी एका फ्रेंच रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. कमरेच्या भागातील मज्जारज्जूला पावलांच्या तालाशी जुळवून उत्तेजन दिल्यावर त्याचे अडखळणे खूपच कमी झाले. बातमी खरी आहे, पण ती एका रुग्णाची आहे. इतरत्र झालेले प्रयोग थोड्या रुग्णांवरचे असून काहींना फायदा झाला, काहींना नाही. शिवाय जंतुसंसर्ग होणे, तार जागची हलणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे हे धोके आहेतच. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आज यासाठी जमीन विकू नये. संशोधनाचा भाग म्हणून कोणी हा उपचार सुचवला, तर त्या प्रयोगाला नीतिसमितीची परवानगी आहे का आणि खर्च कोणाचा, हे लेखी विचारावे.

मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया, डी.बी.एस., ही वेगळी. ती मान्यताप्राप्त आहे व मुंबईत गेली दोन दशके आणि अधिक काळ होत आहे. कंप, ताठरपणा आणि औषधाच्या परिणामातील चढउतार यांवर ती गुणकारी ठरते. परंतु औषधाचा अंमल पुरता असतानाही पाय थिजत असतील, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून गोळी घेतल्याची वेळ आणि पाय थिजल्याची वेळ आठवडाभर वहीत लिहा व ती वही मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पुष्कळदा गोळ्यांच्या वेळा बदलूनच फरक पडतो. लेव्होडोपाची गोळी शक्यतो जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. डाळ, दूध यांतील प्रथिनांमुळे काहींच्या शरीरात ती नीट शोषली जात नाही. गोळी एकाएकी बंद मात्र करू नये.

राहिला जिना. सपाट जमिनीवरचे चालणे सवयीने, आपोआप होते आणि या विकारात नेमकी तीच यंत्रणा बिघडते. पायरी डोळ्यांना दिसते, तेव्हा मेंदू दुसऱ्या मार्गाने पाऊल उचलतो. भारतातून हॉलंडला शिकायला गेलेल्या मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांच्या बाबतीत हेच हेरले आणि जमिनीवर पायऱ्यांचा भास होईल असे चित्र तयार केले. काका त्यावरून चालू लागले.

आपणही घरात पावलापावलाच्या अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावून पाहा. पाय थिजला तर ओढू नका. थांबू द्या, "एक, दोन" मोजा, मग पाऊल उचलायला सांगा. पायपुसणी व सैल सतरंज्या काढून टाका. हे सारे भौतिकोपचारतज्ज्ञांकडून एकदा शिकून घ्यावे. यासाठी लागणारा खर्च एका चिकटपट्टीचा आहे.