घोट्याची मुरगळ : समज आणि उपचार

पावसाळा सुरू झाला की आमच्या अस्थिरोग विभागात सुजलेला घोटा घेऊन लंगडत येणाऱ्यांची संख्या वाढते. कुणाचा पाय शेवाळलेल्या पायरीवरून घसरलेला असतो, कुणाचे पाऊल एस.टी.तून उतरताना खड्ड्यात पडलेले असते. बहुतेकांनी एक-दोन दिवस तेल लावून पाय चोळून घेतलेला असतो. "शिरेवर शीर चढली आहे, तेवढी उतरवून द्या," अशी विनंतीही आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते.

वस्तुतः शीर चढलेली नसते. घोट्याची हाडे एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. बाहेरच्या बाजूस असे तीन अस्थिबंध आहेत. पाऊल आतल्या बाजूस वळले की त्यांवर ताण येतो आणि बहुधा सर्वांत पुढचा अस्थिबंध प्रथम इजा पावतो. कधी त्याचे तंतू केवळ ताणले जातात, कधी काही तुटतात, तर क्वचित संपूर्ण पट्टीच तुटते. आतल्या रक्तस्रावामुळे सूज व काळेनिळेपणा येतो. अशा ताज्या दुखापतीवर जोराने मालीश केल्यास रक्तस्राव व सूज वाढण्याचाच संभव असतो.

एक्स-रे काढला नाही म्हणून नातेवाईक कधी कधी नाराज होतात. त्यांची काळजी आम्ही समजू शकतो. परंतु कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी 1992 साली प्रसिद्ध केलेले नियम आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची टोके व मागील कडा, तसेच पाऊलातील दोन ठरावीक हाडे दाबून पाहिली जातात. तेथे दुखत नसेल आणि रुग्ण चार पावले टाकू शकत असेल, तर हाड मोडलेले असण्याची शक्यता अत्यल्प असते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या रुग्णांच्या बाबतीत मात्र केवळ या नियमांवर विसंबता येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस पायास विश्रांती द्यावी, क्रेप बँडेज बांधावे व पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावल्यास वेदना कमी होते. पूर्वी अशा पायास कित्येक आठवडे प्लास्टर घालीत. आता बहुसंख्य रुग्णांस आधारपट्टा देऊन, सोसेल तितके लवकर चालावयास सांगितले जाते. तीव्र दुखापतीत काही दिवसांचे प्लास्टर उपयोगी पडते. शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते.

खरी अडचण पुढे असते. पाऊल कसे पडत आहे याची वर्दी मेंदूला देणारे मज्जातंतू अस्थिबंधांतही असतात. दुखापतीनंतर ही जाणीव मंदावते, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. ती परत आणण्याचा मार्ग म्हणजे तोल सांभाळण्याचे व्यायाम. दुखणे थांबले की रुग्ण येणेही थांबवितो, हा आमचा नित्याचा अनुभव. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या हमालाचा किंवा निसरड्या बांधावरून चालणाऱ्या मजुराचा घोटा असा कमकुवत राहिला, तर त्याच्या रोजगारावरच गदा येते. या व्यायामांस महागडे यंत्र लागत नाही. आमच्या भौतिकोपचार विभागात खालून गोलाकार असलेल्या लाकडी फळीवर रुग्णास उभे करतात. मोठ्या यंत्रसामग्रीसाठी देणगीदार आवर्जून विचारणा करतात, या फळीविषयी कुणी विचारीत नाही!

रोजचा खाडा करून येणे अनेकांस परवडत नाही, म्हणून घरी करावयाचा व्यायामही शिकविला जातो. सूज उतरल्यावर भिंतीस हात टेकून दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभे राहावे. ते जमू लागले की हात सोडावा, आणि नंतर भिंतीजवळच राहून डोळे मिटावेत. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या असलेल्या गृहिणीसही हे सहज साधते. असे किमान सहा आठवडे करावे. त्यानंतरही सूज राहिली किंवा चालताना घोटा दगा देऊ लागला, तर जुना केसपेपर घेऊन पुन्हा तपासणीस यावे.