पाय कापायलाच हवा असं नाही!

वीकेंडला कासारसाई धरणावर बाईक काढून जाणाऱ्या कुठल्याही ग्रुपला विचारा, गुडघा कुणाचा दुखला नाही? फुटबॉल, कबड्डी, नाहीतर ‘वाढीचं वय आहे’. बहुतेकदा ते खरंही असतं. पण दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, आठवडे उलटले तरी थांबत नसेल आणि सूज वाढत असेल, तर एक्स-रे काढाच. ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर जास्त करून वाढत्या वयातच होतो, तोही बऱ्याचदा गुडघ्याजवळ.

कॅनडाच्या टेरी फॉक्सला तो झाला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. १९७७ मध्ये त्याचा पाय कापला. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आत्ता माझं तेच वय आहे. त्या काळी पाय कापणं हाच नेहमीचा उपाय होता.

आता कासारसाईतल्या एखाद्या मुलाला हे निदान झालं, तर घरचे बहुधा परळचं टाटा मेमोरियल गाठतील. केमो महिनोन्‌महिने चालते. राहायचं कुठे, हा प्रश्न ऑपरेशनइतकाच मोठा. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा त्यासाठीच आधार वाटते.

आधी केमो, मग ऑपरेशन. गाठ असलेलं हाड भोवतालच्या थोड्या निरोगी भागासकट काढतात आणि तिथे धातूचा सांधा बसवतात. परदेशी सांधे परवडत नाहीत, म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी देशी बनावटीचे करून घेतले. काही पेशंटमध्ये तर भारीच प्रकार करतात: काढलेलं हाड साफ करून रेडिएशनच्या मशीनखाली नेतात, एकाच वेळी ५० ग्रेचा डोस देतात आणि तेच हाड परत आणून प्लेट-स्क्रूने जोडतात. तोवर पेशंट टेबलावरच! स्वतःचंच हाड, त्यामुळे माप चुकत नाही. मात्र जुळून यायला महिने लागतात.

लहान मुलांचं गणित वेगळं. मूल वाढतं, धातू वाढत नाही. म्हणून लांबवता येणारे सांधे असतात. नाहीतर रोटेशनप्लास्टी: मधला भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून जोडतात आणि घोटा गुडघ्याचं काम करतो. दिसायला विचित्र, पण कृत्रिम पाय लावून मूल पळू शकतं. आरशापेक्षा ते महत्त्वाचं, असं मला वाटतं. गाठीने मुख्य रक्तवाहिन्या आणि नसा वेढल्या असतील, तर आजही पाय कापणंच योग्य ठरू शकतं.

एक गोष्ट घरी सांगाच. मालिश आणि लेप यात महिने जातात. आणि संशय आला तरी बायोप्सी कुठेही उरकू नका. सुई जिथून गेली ती वाटही नंतर गाठीसोबत काढावी लागते. ती चुकीच्या जागेतून गेली, तर वाचू शकणारा पायही जाऊ शकतो. एक्स-रेची फिल्म घ्या आणि जिथे ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी करा.