फोटो अपलोड होत नाही? आधी तो अडला कुठे ते शोधा

(पॉडकास्टच्या या भागाची लिखित प्रत. वाचायला सोपं जावं म्हणून बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे.)

मी दिघोरीहून बोलतोय. नागपूरची दिघोरी नाही बरं का, आपली भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली. आजचा विषय साधा आहे, पण ऐन मुदतीच्या दिवशी घाम फोडणारा आहे: वेबसाइटवर फोटो का चढत नाही?

२०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा हा प्रश्न घराघरात पोचला. आधी नारीशक्ती दूत अ‍ॅप होतं, नंतर वेबसाइट आली. मुदत सुरुवातीला १५ जुलै होती, ती पुढे ३१ ऑगस्ट झाली. दरमहा १५०० रुपयांचा प्रश्न, आणि अर्जाला फोटो हवाच. शिष्यवृत्ती असो, बँकेची परीक्षा असो, उत्पन्नाचा दाखला असो, आता सगळीकडे हेच. स्क्रीनवर लाल अक्षरात 'एरर' आलं की माणूस म्हणतो, "माझा फोटोच खराब आहे." मग स्टुडिओत जाऊन पुन्हा पैसे देऊन नवा फोटो काढतो. तोही चढत नाही. कारण अडचण बहुतेक वेळा चेहऱ्यात किंवा कॅमेऱ्यात नसतेच.

आधी निदान, मग औषध

खरेदी केंद्रावरून धान परत आलं तर आपण काय विचारतो? ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला का? बारदान्याचं काही आहे का? की सातबाऱ्याची नोंदच जुळत नाही? कारण कळल्याशिवाय कोणी धान पुन्हा वाळवायला घालत नाही. फोटोचंही तसंच करायचं.

फोटो फोनमधून निघून सरकारी सर्व्हरवर बसेपर्यंत चार टप्पे असतात. एक, फाइल स्वतः. दोन, ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानाची तपासणी. तीन, नेटवर्क. चार, सर्व्हर. फोटो कुठे अडला हे ओळखायला घड्याळाकडे बघा:

- फोटो निवडताक्षणी एरर आली, तर अडचण पहिल्या दोन टप्प्यांत आहे.
- गोल फिरत राहिलं आणि मध्येच थांबलं, तर नेटवर्क.
- अपलोड १०० टक्के झालं आणि मग एरर आली, तर बहुधा सर्व्हर.

खात्री करायची असेल तर एक युक्ती आहे. पान पूर्ण उघडल्यावर एअरप्लेन मोड लावा आणि फोटो निवडा. फक्त निवडा, सबमिट दाबू नका. तोच लाल मेसेज आला, तर समजा की फोटो फोनच्या बाहेर पडलेलाच नाही. मग "रेंज नाही" म्हणत गच्चीवर चढण्यात अर्थ नाही.

टप्पा १ आणि २: फाइल आणि पानाची तपासणी

सगळ्यात जास्त फोटो इथेच अडतात. 'आपले सरकार' पोर्टलवर नोंदणी करताना फोटो जेपीईजी हवा, ५ ते २० केबीच्या आत हवा, रुंदी १६० पिक्सेल आणि उंची २०० ते २१२ पिक्सेल हवी. कागदपत्रांना वेगळी मर्यादा: ७५ ते ५०० केबी. बँकांच्या आयबीपीएस परीक्षेला फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. मर्यादा बदलू शकतात, म्हणून त्या त्या पानावरची सूचना वाचूनच पुढे जा.

आता आपला फोन काय देतो ते बघा. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख पिक्सेल. फाइल सहज ३ ते ५ एमबीची. पोर्टलला हवेत १६० गुणिले २००, म्हणजे फक्त ३२ हजार. आपण ३७५ पट मोठा फोटो देतोय! फोन जितका भारी, तितका त्रास जास्त.

उपाय असा. आधी फोटो ४:५ या प्रमाणात क्रॉप करा, म्हणजे चेहरा ताणला जाणार नाही. बऱ्याच फोनच्या गॅलरीत हा पर्याय असतो. मग पिक्सेल कमी करा. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर विंडोजचं पेंट असतंच. त्यात रिसाइजमध्ये पिक्सेल टाका आणि जेपीईजी म्हणून सेव्ह करा. क्रम लक्षात ठेवा: आधी पिक्सेल, मग क्वालिटी. नुसती क्वालिटी उतरवली की फोटो डागाळतो आणि पिक्सेलची अट तशीच राहते.

आणि खालची मर्यादाही असते. ४ केबीचा फोटोसुद्धा परत येतो. "मी तर एकदम छोटा केला" म्हणणारे इथे अडकतात.

दुसरी अडचण फाइलच्या प्रकाराची. स्क्रीनशॉट बहुतेक वेळा पीएनजी असतो. नाव बदलून शेवटी 'जेपीजी' लिहिलं म्हणून तो जेपीजी होत नाही. पीएनजी फाइलच्या अगदी सुरुवातीच्या बाइट्समध्येच 'पीएनजी' ही अक्षरं असतात, आणि नीट लिहिलेला सर्व्हर नाव सोडून तेच वाचतो. आयफोनवाल्यांनी आणखी एक बघावं. २०१७ च्या आयओएस ११ पासून नव्या आयफोनवर फोटो 'हाइक' प्रकारात सेव्ह होतात, आणि तो प्रकार बहुतेक पोर्टल घेत नाहीत. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा. पुढचे फोटो जेपीईजी येतील. आधी काढलेले मात्र बदलून घ्यावे लागतात.

फाइलचं नाव साधं ठेवा. मराठी अक्षरं, मोकळ्या जागा, कंस, दोन-दोन टिंबं असं काही असलं की काही जुने पोर्टल फाइल नाकारतात. इंग्रजी अक्षरांत 'फोटो१' एवढं पुरे.

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये कधीकधी 'अपलोड फाइल चेंज्ड' अशी विचित्र एरर येते. निवडल्यानंतर ती फाइल बदलली, असा त्याचा अर्थ. फोटो थेट गुगल ड्राइव्हमधून निवडला, किंवा निवडून झाल्यावर पुन्हा क्रॉप केला, की असं होतं. फोटो आधी फोनमध्ये डाउनलोड करा आणि नव्याने निवडा. काम होतं.

लाइव्ह फोटो मागणाऱ्या पानावर कॅमेरा उघडतच नसेल, तर पत्त्याशेजारच्या चिन्हावर दाबून कॅमेऱ्याची परवानगी तपासा. लिंक फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या आतच उघडली असेल, तर ती कॉपी करून क्रोममध्ये उघडा. अ‍ॅपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये फोटो निवडायचं बटण कधीकधी चालत नाही.

टप्पा ३: नेटवर्क

"यूट्यूब तर मस्त चालतंय, मग फोटो काहून जात नाही?" कारण यूट्यूब म्हणजे डाउनलोड. वर पाठवायचा वेग वेगळा, आणि गावाकडे तो बराच कमी असतो. हिशोब करा: ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट असेल तर ८० सेकंद लागतील. तोच फोटो २० केबीचा केला तर सेकंदाच्या आत जातो.

मध्येच रेंज गेली तर? एनजिनएक्स नावाचा सर्व्हर खूप ठिकाणी वापरतात. मूळ सेटिंगमध्ये फोटोच्या दोन तुकड्यांच्या मध्ये ६० सेकंद काहीच आलं नाही, तर तो लाइन तोडतो. साध्या फॉर्ममधलं अपलोड जिथे थांबलं तिथून पुढे जात नाही, पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून फाइल छोटी करणं हाच नेटवर्कवरचा सगळ्यात स्वस्त उपाय. दर वेळी रेंज शोधत फिरावं लागत नाही.

टप्पा ४: सर्व्हर

इथे आकड्यांतून बोलणं होतं. कॉम्प्युटरवर एफ१२ दाबा, नेटवर्क हा टॅब उघडा आणि फोटो पुन्हा पाठवा. लाल ओळीतला आकडा वाचा.

- ४१३: फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी आणि पीएचपीची २ एमबी असते. पानावर '५ एमबीपर्यंत चालेल' लिहिलेलं असलं, तरी मागचं सेटिंग कोणी बदललं नसेल तर फाइल अडणारच.
- ४१५: फाइलचा प्रकार मान्य नाही.
- ४०१ किंवा ४०३: बऱ्याचदा लॉगिनची वेळ संपलेली असते. फॉर्म भरता भरता अर्धा तास गेला की असं होतं. म्हणून फोटो आधी तयार ठेवा आणि मगच लॉगिन करा.
- ५००, ५०२, ५०३, ५०४: सर्व्हरच्या बाजूची गडबड किंवा गर्दी. शेवटच्या तारखेला हेच दिसतं.

पाचशेच्या घरातला आकडा आला की तुमच्या फोटोला हात लावू नका. फोटो बदलून उपयोग नाही. तारीख, वेळ आणि पानाचा पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा, रात्री उशिरा किंवा पहाटे पुन्हा प्रयत्न करा, आणि हेल्पलाइनला तो आकडा सांगा. "फोटो जात नाही" या तक्रारीपेक्षा "५०४ येतोय" ही तक्रार लवकर योग्य माणसापर्यंत पोचते. मुदत हुकलीच, तर हातात काहीतरी कागद असतो.

'कॅशे क्लिअर करा' हे कधी खरं?

जो तो हाच सल्ला देतो. तो उपयोगी पडतो, पण एकाच प्रसंगात: पोर्टलने आपला कोड बदलला, आणि तुमच्या ब्राउझरकडे जुनाच साठवलेला आहे. आधी इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा. तिथे चाललं, तर त्या एका साइटचा डेटा पुसा. सगळंच पुसलं तर बाकी सगळीकडचं लॉगिनही जातं, आणि पासवर्ड कोणाला आठवतो?

एक इशारा

'फोटो कम्प्रेस' असं शोधून जी पहिली साइट येते तिच्यावर आधार कार्ड किंवा पासबुक टाकू नका. तुमची फाइल कोणाच्या तरी सर्व्हरवर जाते, आणि पुढे तिचं काय होतं हे आपल्या हातात राहत नाही. पेंट किंवा फोनची गॅलरी वापरा. गुगलच्या क्रोम टीमने केलेलं 'स्क्वूश' हेही चांगलं: फोटो तुमच्याच ब्राउझरमध्ये छोटा होतो, आणि किती केबी झाला ते समोर दिसतं.

आणि पोर्टल बनवणाऱ्या दोस्तांना

आपण स्वतः सॉफ्टवेअरवाले, म्हणून हे बोलायलाच हवं. फोटो छोटा करणं हे काम आजचा ब्राउझर स्वतः करू शकतो. त्यासाठी कॅनव्हास आहे, कोड थोडासाच लागतो. तेवढं केलं तर मजुरी बुडवून कोणाला तालुक्याला फेरी मारावी लागणार नाही. ते जमत नसेल, तर निदान 'इनव्हॅलिड फाइल' ऐवजी मराठीत लिहा: "तुमचा फोटो ३२०० केबीचा आहे, २० केबीपेक्षा कमी हवा." एवढ्या एका वाक्याने माणसाला कळतं की चुकलं काय आणि करायचं काय.

तर मंडळी, पुढच्या वेळी लाल अक्षरं दिसली की आधी घड्याळ बघा, मग आकडा बघा, आणि मगच फोटोला हात लावा. घरात कोणाचा अर्ज भरायचा असेल तर २० केबीचा एक आणि ५० केबीचा एक असे दोन फोटो आजच तयार करून ठेवा. शेवटच्या तारखेला ते कामाला येतील. तुमची एरर यात नसेल, तर तिचा आकडा किंवा स्क्रीनशॉट पाठवा. स्क्रीनशॉटमधला आधार नंबर तेवढा झाकून. भेटू पुढच्या भागात.