ज्यू लग्नाचं बोलावणं आलंय? जरूर जा!

ऑफिसातल्या मैत्रिणीने लग्नाची पत्रिका दिली. आडनाव पेणकर, बोलणं अस्सल कोकणी वळणाचं, डब्यात नारळाच्या रसातली आमटी. पत्रिका उघडून बघता, तर विवाहस्थळ: सिनेगॉग. आता तुमच्या मनात प्रश्नांची रांग लागते. आपल्याला आत सोडतील का? डोक्यावर काय घ्यायचं? आहेर काय करायचा? आणि कुणालाच न विचारलेला प्रश्न म्हणजे, पेणकर ज्यू कशा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. महाराष्ट्रातल्या मराठी ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेली सात जोडपी म्हणजे आपले पूर्वज, असं ते मानतात. कोकणातल्या गावोगावी ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहिमकर, चेऊलकर. जुन्या हिंदी सिनेमातले सगळ्यांचे लाडके डेव्हिड हे याच समाजातले, त्यांचं आडनाव चेऊलकर.

आपण बंगळुरूकर असलो तर आणखी एक धागा आपल्या जवळचा आहे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधलं ते सॅम्युएल दिवेकर यांनी. ते इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. हा कैदी बनी इस्राएल आहे हे कळल्यावर टिपूच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली, अशी कथा समाजात सांगतात. जिवंत सुटलो तर देवाचं घर बांधीन, हा नवस त्यांनी मुंबईला परतल्यावर फेडला. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीद म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्टेशनला नाव मिळालं ते याच जागेवरून, असंही म्हणतात.

आता लग्नाकडे वळू. पहिली गोष्ट तारखेची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. तेव्हा लग्न लागत नाही. मंगळवार मात्र ज्यू परंपरेत चांगला समजतात, कारण सृष्टीच्या कथेत तिसऱ्या दिवशी देवाने ‘चांगलं आहे’ असं दोनदा म्हटलं. पावसाळ्यात जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळतात, त्याआधीचे तीन आठवडेही लग्न नसतं. या शोकाच्या दिवसाला बेने इस्राएल घरांत बिरड्याचा सण म्हणतात, वालाच्या बिरड्यावरून. उपासाच्या दिवसालाही पदार्थाचं नाव देणारे लोक मराठीच असणार, नाही का?

बोलावणं फक्त लग्नाचं नसून मेंदीचंही असेल, तर ती संध्याकाळ चुकवू नका. खरा थाट तिथेच बघायला मिळतो. हिरवी साडी, हिरवा चुडा, केसांत मोगरा, मांडवभर मावश्या आणि आत्या. नवरीच्या दोन्ही हातांवर मेंदी, आणि नवरदेवाच्या उजव्या तर्जनीला मेंदी लावून वर कापड गुंडाळतात. घरातल्या वडीलधाऱ्या बाया जुनी मराठी गाणी म्हणतात. इस्रायलहून आलेली भाचरं हिब्रूत कुजबुजत असतात आणि आजी त्यांना मराठीत दटावत असते. तिकडे गेलेल्या घरांनीही मेंदी सोडलेली नाही. अश्दोद, दिमोना, लोद या गावांत बेने इस्राएल घरातल्या लग्नाआधी मेंदीची रात्र होतेच.

लग्नाच्या आगेमागे मालिदाही असतो. नाव ऐकून पीरबाबाचा प्रसाद आठवेल, पण हा मालिदा भिजवलेल्या गोड पोह्यांचा. त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, आणि ताटाभोवती फळं मांडलेली. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचं नाव घेऊन हिब्रू प्रार्थना म्हणतात आणि मग ताट सगळ्यांत वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळा गावी एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. नवस बोलायला आणि फेडायला लोक तिथे जातात. ही मालिद्याची रीत जगातल्या इतर ज्यूंकडे नाही, ती कोकणातलीच. प्रसाद हातावर पडला की बिनधास्त खा.

सिनेगॉगमध्ये जाताना अंगभर कपडे घाला. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. दाराशी छोट्या गोल टोप्या ठेवलेल्या असतात, नाहीतर स्वच्छ रुमालही चालतो. साडी, कुंकू, काही अडचण नाही. बऱ्याच ठिकाणी बायकांची बसायची जागा वेगळी किंवा वरच्या सज्जात असते, आणि खरं सांगू का, सगळं दिसतं ते तिथूनच.

आपल्याकडे अंतरपाटामागे नवरदेव गप्प उभा असतो आणि मंगलाष्टकं भलतेच लोक म्हणतात. इथे नवरदेवाला स्वतः गावं लागतं! मधल्या उंच चौथऱ्यावर तो उभा असतो. पांढऱ्या साडीतली, चेहऱ्यावर झिरझिरीत पदर घेतलेली नवरी दारातून आत आली की तो तिच्याकडे बघत हिब्रू गीत सुरू करतो आणि सगळं सभागृह त्याच्या सुरात सूर मिसळतं. आवाज थरथरला तरी कुणी हसत नाही, उलट मागच्या बाकांवरून आवाज वाढतो. मग प्याल्यावर आशीर्वाद, आणि दोघांनी एकाच प्याल्यातून घोट घेणं. या समाजात द्राक्षाच्या दारूऐवजी मनुका भिजवून केलेलं सरबत वापरण्याची जुनी पद्धत आहे. नवरीच्या उजव्या तर्जनीत अंगठी जाते. हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे गृहस्थ, केतुबा वाचून दाखवतात.

केतुबा हा लग्नाचा करारनामा. भाषा जुनी अरामी, मजकूर रोकठोक. बायकोला अन्न-वस्त्र द्यायचं, मान राखायचा, आणि संसार मोडलाच किंवा नवरा गेला तर तिला किती रक्कम द्यायची, हे नवऱ्याने साक्षीदारांसमोर कबूल करायचं. वाचून झाल्यावर हा कागद नवरीच्या ताब्यात जातो. सगळ्यांच्या कौतुकाच्या नजरा शालूवर असताना या कागदाकडेही जरा बघा.

कारण या समाजाच्या लग्नांवरच एकदा बोट ठेवलं गेलं होतं. 1948 नंतर हजारो बेने इस्राएल इस्रायलला गेले. तिथल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली. ही माणसं शतकानुशतकं हिंदू शेजाऱ्यांत राहिली, घटस्फोट आणि पुनर्विवाहाचे ज्यू नियम यांनी नीट पाळले का? यांच्यात बाहेरची लग्नं झाली नसतील कशावरून? 1962 मध्ये सूचना निघाली की बेने इस्राएल मुला-मुलीचं लग्न दुसऱ्या ज्यू घरात ठरलं, तर आजी-पणजीपर्यंतची वंशावळ तपासावी. जे लोक ज्यू म्हणून जगता यावं यासाठी घरदार सोडून गेले, त्यांनाच ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. मोर्चे निघाले, जेरुसलेममध्ये धरणं धरली गेली. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, जाहीर केलं की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यूच आहेत.

म्हणजे बघा, ज्या शेजारपणामुळे तुम्हाला त्या मांडवात परकं वाटत नाही, त्याच शेजारपणामुळे त्यांच्या घरच्यांना दूरच्या देशात परकं ठरवण्याची वेळ आली होती. तरीही त्यांनी हिरवा चुडा टाकला नाही, मेंदी टाकली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही इस्रायलमधून काढलं. मला यात हट्ट दिसतो, आणि तो मनापासून आवडतो.

शेवटी नवरदेव काचेचा प्याला फोडतो. दचकू नका, हा अपशकुन नव्हे. इ. स. 70 मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमच्या मंदिराची ती आठवण. एवढ्या आनंदातही ते दुःख विसरायचं नाही. काच फुटली की एकच गलका उठतो, ‘मझल तोव!’ तुम्हीही म्हणा. अर्थ साधा आहे, नशीब उजळो.

आता जेवण. बिर्याणी आहे, पण शेजारी दह्याची कोशिंबीर नाही, शेवटी बासुंदी नाही. केटररला नावं ठेवू नका. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. म्हणूनच या घरच्या मटणाला दाटपणा येतो तो नारळाच्या दुधाने, आणि गोडही त्याचंच. कोळंबी आणि खेकडेही नसतील, कारण मासा खवल्यांचा आणि परांचाच लागतो. तुम्ही शाकाहारी असाल तर यजमानांना आधी कळवा, ते आनंदाने सोय करतात. घरून केलेले पेढे किंवा डबा मात्र नेऊ नका. पाळणाऱ्यांना तो घेता येत नाही आणि नाही म्हणताना त्यांनाच संकोच होतो.

आणि पाकीट? आपण एकशे एक, पाचशे एक घालतो. ज्यूंकडे अठरा हा आकडा शुभ, कारण हिब्रूतल्या ‘जीवन’ या शब्दाच्या अक्षरांची बेरीज अठरा होते. अठराच्या पटीत आहेर केलात तर नवरीच्या आजीच्या लक्षात नक्की येईल. एक हजार आठ हा आकडा तर अठरानेही भागला जातो आणि आपल्याकडेही चालतो!