कांट्यांखालचें अन्न

कांटा दिसला म्हणजे माणूस हात आंखडता घेतो. गुरेंही तेंच करतात, आणि वनस्पतीचा हेतुही तोच असतो. परंतु कांटा आणि विष हीं एक नव्हेत. कांटा हें बाहेरचें कुंपण आहे. कुंपणाच्या आंत काय आहे तें कुंपणावरून ठरत नाहीं. युरोप, पश्चिम आशिया व अमेरिका येथील रानांत जिला थिसल म्हणतात, त्या कांटेरी वनस्पतीच्या बाबतींत हें विशेष खरें आहे.

महाराष्ट्रांत थिसलला घरगुती नांव नाहीं. तथापि तिची एक जवळची नातेवाईक येथें सर्वांच्या ओळखीची आहे. ती म्हणजे करडई. सोलापुराकडे व मराठवाड्यांत रब्बीच्या हंगामांत हिचीं कोंवळीं पानें भाजीसाठीं खुडतात. तेव्हां कांट्यांची बाधा नसते. पीक फुलावर आलें म्हणजे तींच पानें अशीं बोंचतात कीं, कापणीसाठीं शेतकरी पहांटेची वेळ साधतो, कारण दंवानें कांटे थोडे नरमतात. झाड तेंच, खाण्याची वेळ मात्र निघून गेलेली असते.

रानटी थिसलचाही न्याय हाच. हिच्या पुष्कळ जातींचें आयुष्य दोन वर्षांचें असतें. पहिल्या वर्षीं पानें जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि खालीं मुळ्यासारखें लांब मूळ पोसलें जातें. पुढच्या वर्षाची सर्व शिदोरी ह्या मुळांत सांठविलेली असते. दुसऱ्या वर्षीं मधून उंच दांडा निघतो, जांभळीं अथवा पांढरीं फुलें येतात, बीं उडून जातें आणि झाड मरतें. म्हणून मूळ काढावयाचें तें दांडा येण्यापूर्वीं. दांडा खावयाचा तो फुलण्यापूर्वीं, साल सोलून. आणि पान खावयाचें झाल्यास कडेचे कांटे छाटून मधली शीर तेवढी घ्यावयाची. स्पेनमध्यें अशा एका रानटी वनस्पतीच्या सोललेल्या शिरा शिजवून खाण्याची रीत अजून चालू आहे.

ह्या मुळाच्या आधारें एका मनुष्याचे प्राण कसे वांचले, तें इतिहासांत नमूद आहे. इ. स. १८७० मध्यें अमेरिकेंतील यलोस्टोन प्रदेशाची पाहणी करण्यास एक तुकडी निघाली. तींत ट्रूमन एव्हर्ट्स नांवाचा, पूर्वीं मॉंटाना प्रांतांत करआकारणी अधिकारी असलेला, चौपन्न वर्षांचा गृहस्थ होता. त्याची दृष्टि अधू होती. ता. ९ सप्टेंबर रोजीं दाट अरण्यांत तो सोबत्यांपासून चुकला. दुसऱ्या दिवशीं वाट पाहण्यासाठीं तो खालीं उतरला असतां घोडा उधळला, आणि बंदूक, पांघरूण व आगपेटी हीं घोड्याबरोबर गेलीं. हिंवाळा तोंडावर आला होता.

उपवासानें ग्लानि आली असतां त्याला एक हिरवें, कांटेरी रोप दिसलें. त्यानें तें उपटलें. तें थिसल होतें, आणि त्याचें मूळ खाण्याजोगें होतें. पुढें ऊन पाण्याच्या झऱ्यांजवळ आसरा घेऊन तो तीं मुळें त्याच झऱ्यांत शिजवूं लागला. दुर्बिणीच्या भिंगानें उन्हांतून विस्तव पाडण्याची युक्तिही त्याला सुचली. सदतीस दिवसांनंतर, ता. १६ ऑक्टोबर रोजीं, शोधास निघालेल्या दोघांना तो सांपडला, तेव्हां तो हाडांचा सांपळा झाला होता. १८७१ सालीं त्यानें आपली हकीकत मासिकांत प्रसिद्ध केली. तेथील एका पर्वताला त्याचें नांव आहे, आणि ती थिसलही त्याच्या नांवानें ओळखली जाते.

आतां प्रश्न असा कीं, रोज मुळें खाऊनही हा मनुष्य इतका कां वाळला? थंडी, भाजल्याच्या जखमा व श्रम हीं कारणें आहेतच. पण एक कारण त्या मुळांतच आहे. बटाट्यांत पिष्ट असतें. थिसलच्या मुळांत त्याऐवजीं इन्युलिन नांवाचें द्रव्य असतें. पिष्टाचें पचन माणसाच्या पोटांत होतें. इन्युलिन पचविणारा रस माणसाला नाहीं. तें तसेंच मोठ्या आंतड्यांत जातें आणि तेथील जंतु तें आंबवितात. त्यांतून थोडी शक्ति मिळते, पण पिष्टाच्या निम्म्याहूनही कमी. वाताचा त्रास मात्र पुष्कळ होतो. प्रथिनें व स्निग्धांश तर मुळांत नांवालाच असतात. शिवाय त्याच्या चिवट तंतूंनीं एव्हर्ट्सचीं आंतडीं तुंबलीं होतीं. अखेर एका शिकाऱ्यानें अस्वलाची पातळ चरबी पाजली तेव्हां तो मोकळा झाला. थिसलनें त्याला मरूं दिलें नाहीं, पण पोसलेंही नाहीं. पोट भरणें आणि अंगीं लागणें ह्यांतला भेद ह्याहून स्पष्ट दिसणें कठीण.

कांटेरी झाड दिसलें कीं तें खाण्याजोगें, असा उलटा समज मात्र कोणी करून घेऊं नये. महाराष्ट्रांत पडीक जमिनींत व रस्त्याच्या कडेला उगवणारा पिवळा धोत्रा प्रथमदर्शनीं थिसलसारखाच दिसतो: तींच कातरलेलीं, कांटेरी पानें. परंतु तो अफूच्या कुळांतला असून विषारी आहे. त्याचें पान मोडलें असतां पिवळा चीक येतो. थिसलला असा चीक नसतो. धोत्र्याचें फूल सुट्या पिवळ्या पाकळ्यांचें असतें. थिसलचें फूल करडईसारखें, असंख्य बारीक फुलांचा गुच्छ असतें. धोत्र्याचें बीं मोहरीसारखें दिसतें. १९९८ सालीं दिल्लींत त्याच्या तेलाची भेसळ असलेलें मोहरीचें तेल खाऊन साठांहून अधिक माणसें दगावलीं.

तेव्हां रानांतलें अन्न कांट्यावरून टाकूं नये आणि कांट्यावरून उचलूंही नये. त्याचें कूळ ओळखावें, वय पाहावें, कोणतें अंग खाण्याचें तें जाणावें. आणि ह्यांतील एकाही गोष्टीचा संशय असेल, तर उपाशी राहणें बरें. एक वेळचा उपवास सोसतां येतो. विषाचा घास परत घेतां येत नाहीं.