कामगाराच्या आजारपणाचा हप्ता कोणी भरावा?

“आजारी पडणार कामगार, मग पैसे मी का भरू?” महिनाअखेरीस हिशेबाला बसलेल्या लहान कारखानदाराच्या मनात हा प्रश्न हमखास येतो. यंत्रमाग असो, बेकरी असो की शिवणकामाचा कारखाना, हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानुसार ही योजना 1952 साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना ती लागू होते. 2017 पासून त्यासाठी पगाराची मर्यादा दरमहा 21,000 रुपये आहे. जुलै 2019 पासून मालकाचा हिस्सा पगाराच्या 3.25 टक्के, तर कामगाराचा 0.75 टक्के आहे. म्हणजे पगार 16,000 रुपये असेल तर मालकाने 520 आणि कामगाराने 120 रुपये भरायचे. वैद्यकीय खर्चाचा काही भार राज्य सरकारही उचलते. या 640 रुपयांत कामगाराबरोबर त्याच्या कुटुंबावरही उपचार होतात.

खाजगी विमा कंपनी हप्ता ठरवताना वय व आजार पाहते. पन्नाशीच्या मधुमेही माणसाला तो जड जातो. येथे मात्र हप्ता पगार पाहून आणि उपचार गरज पाहून. हे जमते कारण तरुण व धडधाकट कामगारांनाही योजनेत यावेच लागते. केवळ आजारी माणसेच आली तर कोणताही विमा टिकणार नाही.

मालकाचाही यात फायदा आहे. अटी पूर्ण करणाऱ्या आजारी कामगाराला वर्षातून 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी महामंडळ देते. कामावर अपघात झाला तर भरपाईही महामंडळच देते. एका अपघाताची भरपाई गल्ल्यातून द्यावी लागली, तर लहान धंदा बसू शकतो.

दवाखाना लांब, औषधांसाठी रांग, या तक्रारी आहेतच. त्या मालक-कामगारांनी मिळून मांडाव्यात. परंतु दहाचा आकडा चुकवण्यासाठी एका कारखान्याचे कागदोपत्री दोन करणे हा त्यावर उपाय नव्हे. तसे केल्यास आजारपणातील मजुरीचा आधार जातो. सरकारच्या आयुष्मान भारतसारख्या योजनेतून रुग्णालयाचा खर्च निघेल, बुडालेली मजुरी निघत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मालकाने आपला हिस्सा कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याला मंजूर नाही. दोन्ही हिस्से पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावेत आणि कामगाराला त्याचा विमा क्रमांक द्यावा.